सिद्धांताचा अनुवाद आणि त्याचा क्रमांक

पुनरुक्ति हा दोष आहे असें आपलें साहित्यशास्त्र सांगतें आणि न्यायशास्त्रही सांगतें. वादांत जो तीच गोष्ट पुनः पुनः बोलतो त्याचा पराभव झाला असें समजावें, म्हणून गौतमाच्या न्यायसूत्रांत पुनरुक्ताची गणना निग्रहस्थानांत केली आहे. परंतु सूत्रकारानें तेथेंच एक अपवाद ठेविला आहे, तो अनुवादाचा. आज 'अनुवाद' म्हटलें कीं आपणांस भाषांतर आठवतें. या शब्दाचा जुना अर्थ निराळा होता. एकदां सांगितलेली गोष्ट कांहीं प्रयोजन मनांत धरून पुनः सांगणें, याचें नांव अनुवाद. अनुमानाचे जे पांच अवयव नैयायिकांनीं मानिले आहेत त्यांतील शेवटचा अवयव निगमन. आणि निगमन म्हणजे हेतु व उदाहरण दाखवून झाल्यावर केलेला मूळ प्रतिज्ञेचा पुनरुच्चारच होय. प्रथम उच्चारिली तेव्हां ती नुसती प्रतिज्ञा होती. शेवटीं उच्चारिली तेव्हां ती सिद्ध झालेली गोष्ट आहे. शब्द तेच, पण त्यांचा अधिकार वाढलेला.

गणिताचे ग्रंथ छापतांना एक प्रश्न नेहमीं उभा राहतो, त्याचें मूळ या भेदांत आहे. ग्रंथकारानें पहिल्या प्रकरणांत एक सिद्धांत मांडला व त्यास तिसरा क्रमांक दिला. त्याची सिद्धता लांबलचक असल्यामुळें ती पुढें साठाव्या पानावर दिली. तेथें येईपर्यंत वाचकास मूळ विधान आठवत नाहीं. म्हणून सिद्धतेच्या आरंभीं तें पुनः छापणें हें सौजन्याचें काम आहे. पण तें पुनः छापतांना त्यास कोणता क्रमांक द्यावा? नवा द्यावा, तर वाचकास वाटतें कीं हा दुसराच सिद्धांत आहे. कांहींच न द्यावा, तर तो पूर्वींचाच कीं काय याची शंका राहते. जुना द्यावा, तर मधल्या काळांत ग्रंथांत भर पडून तो जुना क्रमांक बदलला नाहीं ना, हें कोणी पाहावयाचें?

आमच्या रावेर तालुक्यांतील शेतकऱ्यास ही अडचण दोन वाक्यांत समजेल. तुकडेबंदी व तुकडेजोड यांचा कायदा १९४७ सालीं झाला आणि ज्या गांवीं त्याप्रमाणें एकत्रीकरण झालें तेथें जुन्या सर्व्हे नंबरांच्या जागीं गट नंबर आले. केळीची बाग तीच, विहीर तीच, बांधावरचें निंबाचें झाड तेंच. पण आजोबांच्या खरेदीखतांत एक नंबर आणि नातवाच्या सातबाऱ्यावर दुसरा. दोहोंचा मेळ दाखविणारा कागद जोंपर्यंत हाताशीं आहे तोंपर्यंत चिंता नाहीं. तो हरवला कीं एका शेताचीं दोन शेतें होतात आणि वकिलांचें काम सुरू होतें. गणितांत बांध नाहींत आणि झाडेंही नाहींत. तेथें सिद्धांताची ओळख त्याच्या शब्दांवरून आणि त्याच्या क्रमांकावरूनच पटवावी लागते.

या प्रश्नाचा इतिहास पाहूं गेल्यास आरंभ युक्लिडापासून करावा लागतो. त्याच्या 'मूलतत्त्वां'तील प्रत्येक सिद्धांताची रचना ठरीव आहे. प्रथम सामान्य विधान, मग आकृतीच्या अक्षरांनीं तेंच विधान, मग रचना, मग सिद्धता, आणि शेवटीं मूळ सामान्य विधान पुनः एकदां शब्दशः. पांचव्या शतकांतील टीकाकार प्रोक्लस यानें असे सहा भाग मोजून दाखविले आहेत. शेवटचा भाग म्हणजे आपलें निगमनच. त्या विधानानंतर 'हेंच सिद्ध करावयाचें होतें' असें वाक्य येतें. त्याचीं लॅटिन आद्याक्षरें आमच्या पिढीपर्यंतचे विद्यार्थी उत्तराच्या शेवटीं भक्तिभावानें लिहीत आले. मात्र युक्लिड मागील सिद्धांताचा हवाला क्रमांकानें देत नाहीं. जो सिद्धांत लागेल त्याचा आशय तो पुनः सांगतो, आणि वाचकास तो आठवत असेल असें गृहीत धरतो. छापील आवृत्त्यांत कंसांत दिसणारे 'अमक्या पुस्तकाचा अमका सिद्धांत' हे निर्देश पुढील संपादकांनीं घातलेले आहेत.

क्रमांकांवर भिस्त ठेवण्यांत धोका किती, याचें नामांकित उदाहरण युक्लिडाच्याच ग्रंथांत आहे. समांतर रेषांविषयींचें त्याचें गृहीतक सर्वांस ठाऊक आहे. हायबर्ग यानें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सिद्ध केलेल्या ग्रीक पाठांत तें पांचवें गृहीतक आहे. सिम्सनच्या परंपरेंतील इंग्रजी पुस्तकांत, आणि म्हणून टॉडहंटरच्या १८६२ सालच्या शालेय युक्लिडांतही, तेंच विधान बारावें स्वयंसिद्ध तत्त्व म्हणून छापलेलें आहे. आणि हंगेरीचा यानोश बोयाय यानें १८३२ सालीं नव्या भूमितीचा पाया घातला त्या निबंधाच्या मथळ्यांतच त्याला युक्लिडाचें अकरावें तत्त्व म्हटलें आहे. एकच विधान, आणि त्याचे क्रमांक पांच, अकरा व बारा! ज्या विधानावर दोन हजार वर्षें वाद चालला, त्याच्या नंबराविषयींही संपादकांचें एकमत होऊं नये, हें चमत्कारिक खरें. तरीही घोटाळा झाला नाहीं, कारण विधान इतकें प्रसिद्ध होतें कीं त्यास क्रमांकाची गरजच नव्हती. अप्रसिद्ध सिद्धांताच्या वांट्यास असें भाग्य येत नाहीं.

या बाबतींत हॉल आणि स्टीव्हन्स या जोडीचा उल्लेख कृतज्ञतेनें केला पाहिजे. त्यांच्या १९०३ सालच्या शालेय भूमितींत युक्लिडाचा जुना क्रम मोडून सिद्धांतांची नवी मांडणी केली आहे. काटकोन त्रिकोणाच्या कर्णाचा सिद्धांत, जो पहिल्या पुस्तकाचा सत्तेचाळिसावा म्हणून पिढ्यान् पिढ्या पाठ होता, तो तेथें एकोणतिसावा झाला. पण त्यांनीं नव्या क्रमांकाशेजारीं कंसांत युक्लिडाचा जुना क्रमांकही छापला. गट नंबराशेजारीं सर्व्हे नंबर लिहावा तसाच हा प्रकार. एवढ्याशा कंसामुळें जुनें पुस्तक शिकलेला बाप आणि नवें पुस्तक शिकणारा मुलगा एकमेकांशीं बोलूं शकले.

आतां आपल्या खानदेशाकडे वळूं. रावेर हें जळगांव जिल्ह्याच्या ईशान्येस, सातपुड्याच्या पायथ्याशीं. त्याच जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकास, चाळीसगांवाच्या पलीकडे डोंगरांत पाटण. तेथील देवीच्या मंदिरांतील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं १८६५ सालीं विद्वानांच्या नजरेस आणला, व पुढें कीलहॉर्न यानें त्याचा शुद्ध पाठ प्रसिद्ध केला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा मुख्य ज्योतिषी होता. आजोबांचे सिद्धांतशिरोमणिप्रभृति ग्रंथ व घराण्यांतील इतरांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्यानें येथें मठ स्थापिला, आणि निकुंभ वंशांतील मांडलिकांनीं त्या मठास देणगी दिली. लेखांत शके ११२८ ची देणगी नोंदली आहे. इसवी सनाप्रमाणें ती १२०७ सालीं पडते. लेखाचा शेवटचा भाग, ज्यांत मठास कोणीं काय द्यावें हें सांगितलें आहे, तो संस्कृतांत नसून त्या काळच्या मराठींत आहे. ग्रंथाची महति संस्कृतांत आणि तेलाचा व धान्याचा हिशेब मराठींत, ही वांटणी मोठी व्यवहारी आहे.

मठांत जे ग्रंथ शिकवावयाचे होते त्यांतच आपल्या प्रश्नाचें उत्तम उदाहरण सांपडतें. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा. छत्तिसाव्या वर्षीं, म्हणजे इसवी सन ११५० त, त्यांनीं सिद्धांतशिरोमणि रचला. लीलावती आणि बीजगणित हे त्याचेच भाग मानिले जातात. या दोन्ही ग्रंथांत कुट्टकाचें प्रकरण आहे, आणि तें जवळजवळ शब्दशः एकच आहे. नियम तेच, वृत्तें तींच, उदाहरणेंही पुष्कळशीं तींच. दोनशें एकवीस या संख्येस कशानें गुणावें, म्हणजे गुणाकारांत पासष्ट मिळविल्यावर एकशें पंचाण्णवांनीं निःशेष भाग जाईल, हा प्रश्न दोहोंकडे आहे. तिन्ही संख्यांस तेरांनीं भाग जातो. म्हणून प्रश्न सतरा, पांच आणि पंधरा यांवर येतो. पांचांनीं गुणिलें असतां पंचाऐंशी, त्यांत पांच मिळविले कीं नव्वद, आणि पंधरांनीं भागिलें कीं सहा. यानंतर गुणकांत पंधरा व लब्धींत सतरा मिळवीत जावें म्हणजे वीस व तेवीस, पस्तीस व चाळीस अशीं उत्तरें हवीं तितकीं निघतात.

एवढा मितभाषी ग्रंथकार, जो अक्षर वांचविण्यासाठीं संख्यांना भूतसंख्यांचीं नांवें देतो, तो एक संपूर्ण प्रकरण दोनदां कां लिहितो? उत्तर ग्रंथांच्या प्रवासांत आहे असें मला वाटतें. लीलावती व बीजगणित या पोथ्या बहुधा वेगवेगळ्या फिरल्या, त्यांवर टीकाही वेगवेगळ्या झाल्या. सोळाव्या शतकांत गणेश दैवज्ञानें बुद्धिविलासिनी लिहिली ती लीलावतीवर. कृष्ण दैवज्ञाची टीका बीजगणितावर. ज्याच्या हातांत बीजगणिताची पोथी आहे त्याच्याजवळ लीलावतीची असेलच असें नाहीं. आणि अनेकवर्णसमीकरण सोडवावयाचें तर कुट्टक हाताशीं हवाच. 'लीलावतींत पाहावें' असें म्हणून भागलें नसतें. म्हणून आचार्यांनीं अनुवाद केला, आणि तो करतांना शब्दांस शक्य तोंवर धक्का लावला नाहीं. एका पोथीवर शिकलेल्या शिष्यास दुसऱ्या पोथींत तोच नियम तात्काळ ओळखतां यावा, हा त्यांत लाभ.

याच दोन ग्रंथांत याच्या उलट उदाहरणही आहे, आणि तें अधिक बोधप्रद आहे. शून्याचें गणित लीलावतींत आहे, तसेंच बीजगणितांतही आहे. पण येथें शब्द बदलले आहेत. लीलावतींत शून्याचीं आठ परिकर्में साध्या संख्यांपुरतीं सांगितलीं आहेत. बीजगणितांत धन व ऋण यांचा विचार आल्यामुळें शून्यांतून एखादी राशि वजा केली असतां तिचें चिन्ह उलटतें, हें नवें सांगावें लागतें. म्हणजे विषय तोच असला तरी विधान तेंच नाहीं. त्याचा विस्तार झालेला आहे. म्हणून आचार्यांनीं तेथें जुनें सूत्र पुनः न देतां नवें सूत्र रचलें. जेथें सिद्धांत तोच, तेथें शब्द तेच; जेथें सिद्धांत पुढें सरकला, तेथें शब्दही नवे. हा नियम त्यांनीं कोठें लिहून ठेविलेला नाहीं, पण तो पाळलेला स्पष्ट दिसतो.

पोथींच्या काळांत निर्देशाची पद्धत कोणती होती हेंही पाहाण्यासारखें आहे. पानांचे आंकडे उपयोगाचे नव्हते, कारण प्रत्येक लेखकाच्या हातीं पानें वेगळीं पडत. श्लोकांचे आंकडेही डळमळीत. उदाहरणांचे श्लोक मोजावे कीं न मोजावे यावर पुढचे सगळे आंकडे बदलत. म्हणून टीकाकारांनीं निराळा उपाय योजला. श्लोकाचे पहिले एकदोन शब्द लिहावयाचे, पुढें 'इति' जोडावयाचें, कीं वाचकास संपूर्ण श्लोक उभा राही. याला प्रतीक म्हणतात. प्रतीक हें नांव आहे, नंबर नव्हे. मध्यें दहा श्लोक घाला किंवा काढा, तें ढळत नाहीं. बाकीचा श्लोक छापण्याचें काम स्मृति करीत असे, आणि छंद हा तिचा मुद्रितशोधक होता. एक अक्षर इकडचें तिकडे झालें कीं कान ओरडत असे.

छापखाना आला आणि ही व्यवस्था पालटली. १८१७ सालीं लंडनमध्यें कोलब्रूकचें भास्कराचार्य व ब्रह्मगुप्त यांच्या गणिताचें इंग्रजी भाषांतर निघालें. त्यांत लीलावतीचें बारावें प्रकरण कुट्टकाचें आहे आणि बीजगणिताचें दुसरें प्रकरण कुट्टकाचें आहे. प्रत्येक ग्रंथास त्यानें स्वतंत्र ओळीनें क्रमांक दिले. अर्थात् एकाच नियमास दोन ठिकाणीं दोन क्रमांक मिळाले. पुढें पुण्याच्या आनंदाश्रमानें १९३० सालीं कृष्णाच्या टीकेसह बीजगणित आणि १९३७ सालीं बुद्धिविलासिनीसह लीलावती छापली. तेव्हांपासून अभ्यासकास कुट्टकाचा हवाला द्यावयाचा तर ग्रंथ कोणता, आवृत्ति कोणती आणि श्लोक कितवा, हीं तिन्ही सांगावीं लागतात. प्रतीक मात्र आजही एकटेंच पुरतें.

खिळ्यांच्या छपाईंत सिद्धांताचा अनुवाद करणें किती कष्टाचें होतें, हें आतां सांगितल्याशिवाय कळणार नाहीं. शिसें मोलाचें, म्हणून एक फर्मा छापून झाला कीं खिळे सुटे करून पुनः खणांत टाकीत. साठ पानांनंतर तेंच विधान पाहिजे झालें, तर जुळाऱ्यानें तें हस्तलिखितावरून पुनः अक्षर अक्षर जुळवावयाचें. दुसऱ्या जुळणींत एखादें चिन्ह गळे, एखादी मात्रा बदले, आणि एका सिद्धांताचे दोन सिद्धांत होत. क्रमांकांची स्थिति याहून वाईट. मुद्रितें तपासतांना ग्रंथकारास एक नवा उपसिद्धांत सुचला, तर पुढील सर्व क्रमांक आणि त्यांचे सर्व हवाले चिमट्यानें एक एक खिळा काढून बदलावे लागत. आरंभींचे फर्मे छापून झाले असले तर तेंही शक्य नसे. मग 'सिद्धांत सात' आणि 'सिद्धांत सात अ' अशी तडजोड करावी लागे. जुन्या पुस्तकांतील शुद्धिपत्रें पाहावींत. त्यांतील चुका कित्येकदां शब्दांच्या नसून हवाल्यांच्या असतात.

या दुःखावर औषध अमेरिकेंत निघालें, तेंही एका गणकशास्त्रज्ञाच्या वैतागांतून. डोनल्ड कनूथ यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ति निघत होती. पहिली आवृत्ति शिशाच्या खिळ्यांनीं जुळविलेली व देखणी होती. नव्या प्रकाशजुळणीचीं मुद्रितें १९७७ सालीं त्यांच्या हातीं आलीं तेव्हां गणिताची ती दुर्दशा त्यांस पाहवेना. त्यांनीं स्वतःच संगणकासाठीं 'टेक्' नांवाची जुळणीची व्यवस्था रचली. पुढील दशकांत लेस्ली लॅम्पोर्ट यांनीं तिच्यावर 'लाटेक' उभारलें. त्यांतील मुख्य कल्पना अशी कीं, लेखकानें क्रमांक लिहावयाचाच नाहीं. त्यानें सिद्धांतास एक नांव द्यावें, आणि हवाला द्यावयाचा तेथें तें नांव घ्यावें. क्रमांक यंत्र मोजील. पहिल्या फेरींत यंत्र कोणत्या नांवास कोणता क्रमांक पडला हें एका वहींत टिपून ठेवतें, दुसऱ्या फेरींत ती वही वाचून जागोजागीं आंकडे भरतें. मध्यें कितीही सिद्धांत घाला, हवाले आपोआप सुधारतात. वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल कीं हें आपलें प्रतीकच होय, इति शब्दासह.

पण अनुवादाचा प्रश्न येवढ्यानें सुटला नाहीं. लेखकानें विधान पुनः सिद्धांत म्हणून लिहिलें, तर यंत्र इमानदारीनें त्यास पुढला क्रमांक देतें; तिसरा सिद्धांत साठाव्या पानावर चौदावा होऊन बसतो, आणि त्यापुढचे सर्व एकानें सरकतात. नक्कल करून हातानें 'तीन' लिहावें, तर उद्यां तिसऱ्याचा चौथा झाला कीं तें तीन तसेंच राहतें. आणि नक्कल ती नक्कल. मूळ विधानांत पुढें दुरुस्ती केली तर नकलेंत ती करावयाचें राहून जातें. म्हणून पुढें अशी सोय निघाली कीं, विधान एकदांच लिहावें, त्यास नांव द्यावें, आणि पाहिजे तेथें त्या नांवानें हांक मारावी. हांकेसरशीं यंत्र तेच शब्द, त्याच जुन्या क्रमांकासह, पुनः मांडतें आणि मोजणीचा आंकडा पुढें ढकलीत नाहीं. विधानाच्या पोटांत एखादें क्रमांकित समीकरण असेल तर त्याचाही जुनाच क्रमांक राखावा लागतो. मुख्य सिद्धांत प्रस्तावनेंत आधीं व सिद्धता पांचव्या प्रकरणांत नंतर असेल, तर क्रमांकाचें माहेर कोणतें मानावें हेंही लेखकानेंच ठरवावयाचें. प्रस्तावनेंत एकदम पांचव्या प्रकरणाचा क्रमांक दिसला तर वाचकानें दचकूं नये, तो मूळ पत्ता आहे.

कोणी म्हणेल, हें सर्व बारीकसारीक छपाईचें काम आहे. त्यांत येवढें काय? त्यांत वाचकाचा विश्वास आहे. गणितांत अधिकारी पुरुषाच्या शब्दावर कांहींच घ्यावयाचें नसतें. प्रत्येक पायरी मागें जाऊन तपासतां आली पाहिजे. मागें जाण्याची वाट म्हणजेच हवाला. ती वाट चुकीच्या दारीं नेत असेल, तर वाचक एकतर तपासणें सोडून देतो व विश्वासानें पुढें जातो, किंवा स्वतःची बुद्धि मंद समजून पुस्तक मिटतो. दोन्हीं प्रकारें गणित मरतें. मोठ्या शहरांतल्या विद्यार्थ्याजवळ विचारावयास पांच माणसें असतात. रावेर, यावल, चोपडा अशा गांवांतून एकट्यानें वाचणाऱ्या मुलाजवळ ग्रंथाखेरीज दुसरा गुरु नसतो, आणि गुरूनें एकाच गोष्टीस दोन नांवें घेऊं नयेत.

यंत्रानें स्मृतीचें काम पत्करलें हें उत्तम झालें. विवेकाचें काम मात्र त्यास देतां येत नाहीं. विधान पुनः सांगण्याचें प्रयोजन आहे काय, हें लेखकानेंच पाहिलें पाहिजे. तें नसेल तर न्यायसूत्रकारांचा निग्रह लागू आहे. पुनः सांगितलेलें विधान पूर्वींचेंच आहे कीं नकळत थोडें वाढलेलें आहे, हेंही त्यानेंच पाहिलें पाहिजे. पूर्वींचेंच असेल तर कुट्टकाप्रमाणें तेच शब्द व तीच ओळख. वाढलेलें असेल तर शून्याच्या सूत्राप्रमाणें तें नवें म्हणून सांगावें, त्यास नवा क्रमांक द्यावा, आणि जुन्याशीं नातें काय तें एका वाक्यांत लिहावें. भास्कराचार्यांनीं हा विवेक साडेआठशें वर्षांहून अधिक काळापूर्वीं पाळला आणि पाटणच्या मठांत तो शिकविला जावा म्हणून त्यांच्या नातवानें शिळेवर लेख कोरविला. मठ राहिला नाहीं. पण शिळेवरचीं ग्रंथांचीं नांवें अजून वाचतां येतात, आणि त्या ग्रंथांतील कुट्टक दोन्ही ठिकाणीं अजून एकच आहे.